शांतीची जीप

माझ्या उभ्या आयुष्यात मी फक्त तीन महिने शांत होतो. त्या तीन महिन्यांची मला जेवढी लाज वाटते, तेवढी नंतर केलेल्या एकाही भांडणाची वाटली नाही. परवा आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, म्हणजे पुष्कळ प्रवास झालेला, पुष्कळ माणसं पाहिलेली, तेव्हा ‘धकाधकीच्या काळात मनाचा समतोल’ या विषयावर मी मंडळात चार शब्द बोलावेत असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हणालो. ते म्हणाले, सवय नसली तरी चालेल हो, सगळी आपलीच माणसं आहेत. त्यांना वाटलं मला बोलता येत नाही. मला बोलता येतं. एकोणिसाव्या वर्षी मला इतकं सुरेख बोलता येत होतं, की त्यापायी एक बाई मरता मरता वाचली. हे त्यांना चहा पिता पिता कसं सांगणार? म्हणून इथं लिहून ठेवतो.

त्या वेळी आम्ही येडशीला राहत होतो. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या गँगमध्ये होते. त्यांना स्टेशनाच्या अंगाला एक खोली आणि एक पडवी मिळालेली होती. पडवीत माय चूल मांडायची, खोलीत आम्ही चौघं झोपायचो. भिंतीवर बुद्धाचं चित्र, त्याच्या खाली दादांचा कंदील आणि रूळ ठोकायचा लांब दांड्याचा हातोडा. घरातले देव मी लहान असतानाच गेले होते. माझं नाव मात्र आधीचंच राहिलं, किसन. सकाळी दादा कामावर निघाले की रुळावर हातोडा वाजल्याचा टणटण आवाज लांब लांब जात ऐकू यायचा, आणि तो ऐकू यायचा थांबला की माय म्हणायची, “गेले घाटाकडं.” रुळांची रुंदी एवढीशी, गाडी एवढीशी, पण तिची शिट्टी अशी की जणू काही मुंबईचीच मेल आली. बहात्तरच्या दुष्काळाच्या त्या सालात रामलिंगाच्या रानातली माकडं स्टेशनात येऊन बसायला लागली. ती कुणाच्या हातातलं काही ओढायची नाहीत. नुसती नळाखाली बसून राहायची आणि नळाकडे बघायची. नळाला पाणी नव्हतं.

पाणी यायचं ते इंजिनातून. गाडी थांबली की बाया घागरी घेऊन धावायच्या आणि ड्रायव्हरच्या मनात आलं तर तो थोडं सोडायचा. ते कढत पाणी घागरीला हात लावू द्यायचं नाही आणि त्याला कोळशाचा, तेलाचा असा वास यायचा की त्यात केलेली आमटी इंजिनासारखी लागायची. आमटी तरी कशाची, मूठभर तुरीची. भाकरी मिलोची. परदेशातून आलेली ती तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची. माय उकळतं पाणी घालून, मळून मळून ती थापायची तरी भाकरीला चिरा पडायच्याच. ताटात पडली की तिचे आपोआप चार तुकडे व्हायचे. माय त्या पिठाला शिव्या द्यायची. ज्यानं हे पेरलं त्याची माय तरी खाती का ह्ये, असं म्हणायची आणि पुन्हा थापायची.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं नाव सरू. तिचा नवरा कामाला म्हणून पुण्याला गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. सासरच्यांनी दोन महिने वाट पाहिली आणि मग तिला गाडीत बसवून दिलं. ती आली, माझ्याकडे बघून म्हणाली, “लई वाळलास रं,” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुष्काळी कामावर गेली. येडशीपासून तीन मैलांवर पाझर तलावाचं काम चाललं होतं. तिथं तिला खडी फोडायला बसवलं. पहिल्या आठवड्यात तिच्या तळहाताला फोड आले, दुसऱ्यात ते फुटले, तिसऱ्यात तिचा हात पायाच्या टाचेसारखा झाला. संध्याकाळी आली की ती पदरात बांधून आणलेली सुकडी माझ्यापुढे ठेवायची. कामावरच्या बायांना दुपारी खायला म्हणून ती मिळायची. गोड, कोरडी, घशात बसणारी. मी ती खायचो. एकोणीस वर्षांचा घोडा, मॅट्रिक पास, खडी फोडणाऱ्या बहिणीच्या पदरातलं खायचो आणि वर म्हणायचो, आज गूळ कमी आहे.

मी रिकामाच होतो. उस्मानाबादच्या कॉलेजात एक वर्ष काढलं होतं. आज त्याला धाराशिव म्हणतात, आधीही म्हणत होते. दुष्काळात वसतिगृहाची मेस बंद पडली आणि आम्ही पोरं आपापल्या गावी परतलो. मी खडी फोडायला गेलो नाही. वक्तृत्वात मला दोन वेळा ढाल मिळालेली होती. ढाल मिळालेल्या माणसानं हातोडी कशी धरायची? दादा काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, पण मॅट्रिक झालेल्या मुलाचा आमच्या घरात एक प्रकारचा धाक होता.

अशात मला चेअरमननी बोलावलं. हे चेअरमन कशाचे, तर होऊ घातलेल्या साखर कारखान्याचे. कारखान्याचं धुरांडं अजून उभं राहिलेलं नव्हतं, यंत्रं आलेली नव्हती, जागाही नक्की नव्हती. चेअरमन तेवढे तयार झाले होते. आसपासच्या रानांत गवताची काडी उरली नसताना त्यांच्या मळ्यात ऊस उभा होता. सहकार म्हणजे काय हे मला त्यांच्याकडे बघून कळलं: सगळ्यांनी मिळून एकाला मोठं करायचं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की उपाशी लोक चिडतात, आणि चिडलेले लोक उभ्या उसाकडे बघतात. म्हणून त्यांनी पुण्याहून एक आचार्य आणवले होते. आचार्य गावोगाव, दुष्काळी कामांवर हिंडून लोकांना मनःशांती शिकवणार. त्यांच्याबरोबर एक शुद्ध बोलणारा तरुण पाहिजे होता, आधी माईकवर चार शब्द बोलून लोकांना गप्प बसवायला. चेअरमननी मला कॉलेजात बोलताना ऐकलं होतं. “आवाज चांगलाय तुझा,” ते म्हणाले. “आणि तुमच्या लोकांत बी बरं दिसंल.”

आचार्य साठीचे होते. गोरे, गुळगुळीत, पांढऱ्या झब्ब्यातले. कुठल्याशा शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, आणि आचार्य ही पदवी त्यांना कुणी दिली हे मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी फार प्रवास केला होता. ऋषिकेश, काशी, जपान, आणि एकदा स्वित्झर्लंड. तिथल्या एका सरोवराच्या काठी त्यांना म्हणे अकस्मात समत्व प्राप्त झालं. मला आता वाटतं, तशा जागी, पोटभर न्याहारी करून, कुणालाही प्राप्त होईल. पण तेव्हा मी ऐकतच राहिलो. येडशी आणि उस्मानाबादपलीकडे मी काही पाहिलेलं नव्हतं. हा माणूस जग बघून आला होता आणि मला ‘किसन’ न म्हणता ‘कृष्णा’ म्हणत होता. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “तुमच्या समाजातला असूनही तुझी वाणी किती निर्मळ आहे रे.” मला ते कौतुक वाटलं. मी ते वाक्य घरी येऊन मायला सांगितलंसुद्धा. माय म्हणाली, “असूनही म्हंजी?” मी उत्तर दिलं नाही, कारण तोवर मी प्रश्न विचारणाऱ्यांच्या पलीकडे जायला लागलो होतो.

जीप चेअरमनची. चालवायला महेबूबभाई. मागे बॅटरीवरचा माईक, कर्णा, गालिचा, आणि आचार्यांच्या पाण्याचे दोन मोठे थर्मास. ते पाणी उकळून गाळलेलं असे. एकदा मी थर्मासाकडे हात नेला तर ते गोड आवाजात म्हणाले, “नको, कृष्णा, तुला सोसायचं नाही ते.” उकळलेलं पाणी न सोसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तेव्हा मात्र मला ती त्यांची काळजी वाटली. महेबूबभाईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि संध्याकाळी मला एकट्याला म्हणाला, “बुढ्ढा पानी पिके बाताँ करता, अपने लोगां सुन सुनके प्यासे होते. अजीब धंदा है.” मी त्याला म्हणालो, तुमचं मन अजून अस्थिर आहे. तो हसला नाही. ‘तौबा’ म्हणाला आणि जीपखाली शिरला.

असे आम्ही येडशीपासून पार मुरुमपर्यंत हिंडलो. लोक आमच्या गाडीला शांतीची जीप म्हणायचे. ते कौतुकानं म्हणतात असं आम्ही दोघंच समजत होतो. ठरलेला क्रम होता. मी कर्ण्यातून लोकांना बसवायचो. मग आचार्य गालिच्यावर बसून सांगायचे: दुष्काळ बाहेर नाही, आत आहे. ज्याचं चित्त ओलं, त्याला कसली तहान? आता डोळे मिटा. तुमच्यासमोर निळंशार सरोवर आहे. वाऱ्यानं लाटा येताहेत. पाणी तुमच्या पायांना लागतंय. एका गावी, अगदी शांतता पसरलेली असताना, मायच्या मांडीवरची एक लहानशी पोर मोठ्यानं म्हणाली, “आये, पानी कुठंय?” लोक हसले. आचार्यही हसले आणि म्हणाले, बालमन. मी त्या पोरीकडे रागानं पाहिलं. हे मला नीट आठवतं. मी रागानं पाहिलं.

मुक्काम डाकबंगल्यात असायचा. तिथं बासमतीचा भात, वरण, तूप, पापड. मी त्यांच्या पंक्तीत नसे, मागच्या पडवीत जेवायचो, पण भात तोच. त्या भातानं माझ्या अंगावर मांस आलं आणि डोक्यात आत्मविकास आला. मी वही घातली. तिच्यात रोज लिहायचो: आज राग आला नाही. आज कुणाचं दुःख मनाला लावून घेतलं नाही. पंधरा दिवसांनी घरी गेलो की मी पाटावर ताठ बसून हळू बोलायचो. एकदा माय इंजिनाचं पाणी आणताना भाजली होती. हाताला हळद लावून बसली होती. मी म्हणालो, “माय, वेदना ही शरीराला होते. आपण तिच्याकडे तटस्थपणे बघायचं.” मायनं दुसरा हात माझ्या कपाळाला लावून पाहिला. तिला वाटलं मला ताप आलाय.

त्या दिवशी दादा पहिल्यांदा बोलले. “त्ये तुमचे आचार्य बुद्धाचं बी सांगत्यात म्हनं?”

“सांगतात. समत्वाचं सांगतात.”

“आसं.” दादांनी बिडी विझवली. “बुद्ध राजवाडा सोडून उन्हात आला व्हता. ह्यो बाबा उन्हातनं डाकबंगल्यात जातोय. तू कुनाच्या मागं चाललास, येवडं बघ.”

अक्का कोपऱ्यात हाताला तेल चोळत होती. मी तिच्यासाठी डाकबंगल्यातल्या दोन पुऱ्या कागदात बांधून आणल्या होत्या, त्या तिनं मायपुढे सरकवल्या. मी सगळ्यांकडे क्षमाशील नजरेनं पाहिलं आणि परत निघून गेलो. त्या नजरेची आठवण आली की अजून मला स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

अक्काच्या पाझर तलावावर आमचा कार्यक्रम ठरला तो चैत्र संपतानाच्या उन्हात. चेअरमन स्वतः येणार होते, बरोबर एक फोटोवाला. ऐन दुपारची वेळ त्यांनीच निवडली, कारण दुपारी टँकर येतो आणि टँकर आला की सगळे लोक एका ठिकाणी जमतात. गोळा करायची मेहनत नको. आम्ही पोचलो तेव्हा टँकर येऊन उभा होता आणि घागरींची रांग लागलेली होती. वाटेत लोक उघडतात म्हणून टँकरच्या तोटीला कुलूप घातलेलं असे. लोकांचा गलका चाललेला पाहून आचार्यांच्या कपाळाला आठी पडली. ते चेअरमनना म्हणाले, “एकदा पाणी मिळालं की हे कोण ऐकणार? आधी चित्त, मग पाणी.” चेअरमनना ते फार पटलं. त्यांनी टँकरवाल्याकडून किल्ली घेतली आणि माझ्या हातात दिली. “तू ठेव. माझ्याकडं मागाय येत्याल सगळे.”

मी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि कर्णा हातात घेतला. “बंधूंनो आणि भगिनींनो, कृपया रांग सोडून समोर बसून घ्यावे. प्रवचन पूर्ण झाल्यावर पाणीवाटप होईल. जे शांत बसतील त्यांना प्रथम पाणी मिळेल.” लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक करून बसले, घागरी कडेवर घेऊन, तापलेल्या मुरमावर. बसणाऱ्यांत अक्का होती. डोक्यावर फाटका टॉवेल, भुवया खडीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या. तिच्या शेजारी गोदाबाई, तिच्याच टोळीतली. हिला सातवा महिना होता आणि तरी ती खडी फोडायला येत होती. अक्कानं मला पाहिलं. मी तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. आचार्यांना माझी बहीण खडी फोडते हे ठाऊक नव्हतं. मी त्यांना सांगितलं होतं की बहीण सासरी असते.

सरोवर आलं, लाटा आल्या. आचार्य रंगात होते, फोटोवाला होता ना. अर्धा तास झाला असेल. लोकांनी डोळे मिटले होते, पण ते उन्हामुळे. आणि मग गोदाबाई एका अंगावर कलंडली. आवाज काहीच झाला नाही, फक्त तिची घागर घरंगळत खाली गेली. दोन बाया ओरडल्या. आचार्यांनी डोळे न उघडताच हात वर केला, म्हणजे मी लोकांना गप्प करावं. अक्का उठली आणि सरळ माझ्याकडे चालत आली.

“किसन्या, किल्ली दे.”

तिच्या तोंडून माझं नाव ऐकून चेअरमननी मान वळवली. फोटोवाल्यानं वळवली. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी इतक्या वर्षांत शंभर वेळा तपासून पाहिलं आहे, आणि दर वेळी एकच सापडतं. गोदाबाई मला दिसलीच नव्हती. मला दिसत होतं ते एवढंच, की धुळीनं भरलेली एक बाई सगळ्यांदेखत मला किसन्या म्हणते आहे.

“गोदी पडली, दिसंना का तुला? किल्ली दे म्हंते म्या.”

मी कर्णा तोंडाशी नेला. “ताई,” मी म्हणालो, आणि ते साऱ्या तलावभर ऐकू गेलं. “ताई, आपण कृपया शांत बसा.”

अक्कानं माझ्या खिशाकडे पाहिलं. मग वळली. खडीच्या ढिगाजवळ गेली, आपली हातोडी उचलली आणि टँकरपाशी जाऊन कुलपावर घातली. चेअरमनचा एक माणूस धावला, पण दगड फोडणारी बाई हातोडी उगारून उभी असताना तिला धरायला जाईल इतका तो शूर नव्हता. चौथ्या घावाला कुलूप तुटलं, आणि त्याबरोबर तोटीही तुटली. पाणी धो धो सुटलं. मग मात्र कुणी कुणाचं राहिलं नाही. घागरी, तपेल्या, चंबू, ओंजळी. बाया एकमेकींवर पडल्या, पोरं पायांखाली आली, म्हातारी माणसं चिखलाला तोंड लावून चोखू लागली. निम्मं पाणी जमिनीनं पिऊन टाकलं. अक्का त्या गर्दीतून पदर भिजवून आली, गोदाबाईच्या तोंडावर पिळला, पुन्हा गेली, पुन्हा पिळला. महेबूबभाईनं जीपमधला थर्मास काढला, आचार्यांना न विचारता नेऊन तिच्या हातात दिला. पाचेक मिनिटांनी गोदाबाईनं डोळे उघडले.

आचार्य तोवर जीपमध्ये जाऊन बसले होते. “चला, चला,” म्हणत होते. समत्व प्राप्त झालेल्या माणसाचे हात मी थरथरताना पाहिले. मीही चढलो. हो, मी चढलो. किल्ली खिशातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उस्मानाबादच्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात आचार्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं. तहसीलदारांना अर्ज लिहायचा होता. त्यांनी मजकूर सांगायला सुरुवात केली: कार्यक्रम शांततेत चालू असताना एका माथेफिरू मजूर स्त्रीनं सरकारी टँकरची मोडतोड केली, लोकांना भडकवलं, बहुमोल पाण्याचा नाश केला. खाली साक्षीदार म्हणून मी सही करायची. “त्या बाईचं नाव काय, चौकशी केलीस का?”

“सरूबाई. माझी सख्खी बहीण आहे.”

मला वाटलं ते चपापतील. निदान कागद बाजूला ठेवतील. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं, सरोवराच्या वेळचं. “मग तर ही तुझी परीक्षाच आहे, कृष्णा. रक्ताचं नातं हाच खरा मोह. सही कर, मोकळा होशील.”

मी आजवर ढोंगी माणसं पुष्कळ पाहिली. तिकीट न काढता झोपेचं सोंग घेणारी तर रोज पाहिली. पण हा माणूस ढोंगी नव्हता, हेच भयंकर होतं. तो मनापासून बोलत होता. दुसऱ्याच्या बहिणीविषयी, दुसऱ्याच्या तहानेविषयी त्याला खरोखरच काही वाटत नव्हतं, आणि या काही न वाटण्यालाच तो साधना समजत होता. आणि मी तीन महिने त्याच्याकडून तेच शिकत होतो. चांगला शिष्य होतो. त्याच्यापुढे गेलो होतो, कारण त्याच्या समोर परकी बाई पडली होती, माझ्यासमोर माझी अक्का उभी होती.

मी कागदाची घडी केली. मोठं काही बोललो नाही. म्हणालो, “माझं नाव किसन आहे.” आणि खाली उतरलो. माझं हे वाक्य कुणाला बाणेदार वाटलं तर सांगतो, माझा आवाज फाटला होता आणि वहाणा घालायच्या राहून गेल्या होत्या. महेबूबभाईनं त्या मागून आणून दिल्या.

तिथून मी तहसील कचेरीत गेलो. एका कारकुनासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं: पाणी कुणी अडवलं, कुणाच्या सांगण्यावरून, किल्ली कुणाच्या खिशात होती. किल्ली टेबलावर ठेवली. कारकुनानं लिहून घेतलं, माझी सही घेतली, किल्लीकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बरं.” मी बाहेर पडलो तो एखादा किल्ला जिंकल्यासारखा. येडशीपर्यंत निम्मी वाट चालत, निम्मी एका ट्रकवर बसून आलो. ट्रकवर बसल्या बसल्या अक्कापुढे हे कसं सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळवत होतो. सवय जाते थोडीच.

घरी अक्का होती. कामाच्या दिवशी घरी, म्हणजे काय ते मी समजलो. मुकादमानं तिचं नाव हजेरीतून काढलं होतं. दादा दाराशी बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी पाय आखडून वाट करून दिली. मी अक्काला सगळं सांगितलं, कारकुनासकट. ती ऐकत भाकरी मोडत होती.

“मग? वाचलं का कुनी?”

“अजून न्हाय. वाचतील.”

“बरं. जेव आता.”

कुणी वाचलं नाही, हे मला पुढे कळलं. अर्जाच्या गठ्ठ्यात तो कागद गेला तो गेला. त्या कागदानं माझ्या जिवाला बरं वाटलं, एवढाच त्याचा उपयोग. अक्काचं नाव परत लागलं ते वेगळ्याच कारणानं. दुसऱ्या दिवशी ती नाव नसताना कामावर गेली, मी मागोमाग गेलो. ती आपल्या जागेवर बसली तसा मुकादम आला, ऊठ म्हणाला. ती उठली नाही. मग तिच्या टोळीतल्या पंचवीसएक बायांनी हातोड्या मांडीवर ठेवल्या. घोषणा नाही, भाषण नाही, नेता नाही. नुसत्या बसल्या. गोदाबाईसुद्धा आली होती, घरी पड म्हणून सांगितलं तरी. मुकादम ओरडला, मग समजावू लागला, मग चेअरमनकडे माणूस पाठवला. चेअरमन आले नाहीत. ज्या बायांना ते डोळे मिटून बसायला लावत होते, त्या डोळे उघडे ठेवून बसल्या तर काय करायचं, हे आचार्यांनी त्यांना शिकवलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ओव्हरसियर खडीचं माप घ्यायला आला. माप घ्यायला खडीच नव्हती. त्यानं मुकादमाला बाजूला घेतलं, आणि परतताना मुकादमानं वही उघडून, कुणाकडे न बघता, अक्काचं नाव लिहिलं.

गोदाबाईला मुलगी झाली. ती आज मुरुमच्या शाळेत मास्तरीण आहे आणि मला मामा म्हणते. तिला यातलं काही ठाऊक नाही. आचार्य त्या आठवड्यातच पुण्याला परत गेले. पुढे त्यांनी मराठवाड्यातल्या दौऱ्यावर एक पुस्तिका लिहिली म्हणतात. मी ती मिळवून वाचली नाही. चेअरमनचा कारखाना उभा राहिला, धुरांडं वर गेलं, त्यांच्या गळ्यात हार पडले. त्याबद्दल मला इतकंच म्हणायचं आहे की ऊस त्यांना कधी कमी पडला नाही.

बायांनी हातोड्या उचलल्या त्याच दिवशी मी मुकादमाकडे जाऊन माझं नाव घालायला सांगितलं. अक्काच्या शेजारी बसलो. त्या दिवशी ‘जेव आता’ म्हणाली ते शेवटचं, पुढे तीन दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी दगड मारला, तो उडून माझ्याच नडगीवर बसला. दुसरा मारला, हातोडीचा दांडा निसटला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, मी हसण्यासारखाच दिसत होतो. शेवटी अक्कानं माझा हात धरला, दगड फिरवून ठेवला आणि रेघेवर बोट ठेवलं. “हितं हाण. दगडाकडं बघ. मान्सं बघत्यात का न्हाय, ते बघू नगंस.” मी तिथं मारलं. दगड फुटला. दुपारपर्यंत तळहाताचे फोड फुटले आणि मी कुणालाही, स्वतःलासुद्धा, तटस्थपणे बघ म्हणालो नाही. आई गं म्हणालो, मोठ्यानं.

जेवणाच्या सुट्टीत पलीकडच्या टोळीतली एक म्हातारी पाणी मागायला आली. माझे पांढरे कपडे, डाकबंगल्याच्या भातावर पोसलेलं अंग, हाताला बांधलेल्या चिंध्या, सगळं तिनं वर-खाली पाहिलं.

“ह्यो कोन गं सरू? परवा बोंबलत व्हता त्योच न्हवं?”

अक्कानं घागर तिरकी करून म्हातारीच्या ओंजळीत पाणी घातलं. ती पिऊन होईतो थांबली.

“त्योच,” ती म्हणाली. “माजा भाव हाय. खडी फोडाय आलाय. बोलाय न्हाय.”